घाट आणि गिअर

ओजिमात राहणाऱ्या माणसाचे गाडीवाचून काही अडत नाही. कामाला जायला शिंजुकू लाइन आहे, भाजी आणायला सायकल आहे, आणि मुलांच्या शाळा चालत जाण्याच्या अंतरावर. त्यातून गाडी घ्यायचीच म्हटली तर आधी पार्किंगची जागा दाखवून पोलिसांकडून दाखला मिळवा, मग त्या जागेचे दरमहा भाडे भरा. एवढ्या भाड्यात आपल्या गावी एक खोली मिळाली असती, असा हिशेब मराठी मन करतेच! त्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांची गाडी म्हणजे भाड्याची गाडी. साकुरा, गोल्डन वीक, मोमिजी, नाहीतर भारतातून आई-बाबा आले की आपण ती घेतो, दशम्या-चटणीचे डबे मागे टाकतो आणि फुजी किंवा निक्कोच्या वाटेला लागतो.

या गाड्यांना क्लच नसतो. आपल्या मुलांपैकी अनेकांनी पायाखाली तीन पेडल असलेली गाडी फक्त भारतात काकांकडे किंवा मामांकडे पाहिली आहे. "बाबा, ते मधे मधे काय हलवत होते?" या प्रश्नाचे उत्तर देता देता मला या विषयाची गोडी लागली. मी काही ऑटोमोबाइल इंजिनिअर नाही. पण वेगवेगळ्या गतीने चालणाऱ्या दोन सिस्टिम एकमेकींना धक्का न लावता जोडणे, हे आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यातले रोजचेच काम. गिअर बदलणे म्हणजे नेमके तेच. आणि त्याचा इतिहास शोधत गेलो, तर वाटेत खंडाळ्यापासून ओजिमापर्यंत बरीच ओळखीची ठिकाणे भेटली.

चढाने दिलेला गिअर

कार्ल बेंझ यांच्या १८८६ सालच्या पहिल्या मोटारीला एकच गती होती. ती गाडी रस्त्यावर टिकेल की नाही याबद्दल लोकच काय, खुद्द बेंझही साशंक होते. शेवटी ऑगस्ट १८८८ मध्ये त्यांची पत्नी बर्था बेंझ आपल्या दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, ती गाडी मॅनहाइमहून फोर्झहाइमला माहेरी घेऊन गेली. अंतर सुमारे १०० किलोमीटर. मोटारीचा हा पहिला लांबचा प्रवास मानला जातो.

सपाटीवर सगळे ठीक होते. चढ आला की इंजिनाचा दम संपायचा आणि मुलांना खाली उतरून गाडी ढकलावी लागायची. उतारावर उलटी तऱ्हा. लाकडी ब्रेक झिजून गेले, तेव्हा बर्थाबाईंनी वाटेतल्या चांभाराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. परत आल्यावर चढासाठी आणखी एक गिअर हवा, असे त्यांनी नवऱ्याला सुचवले आणि तो बसवला गेला. म्हणजे चढासाठी गिअर आणि उतारासाठी ब्रेकचे अस्तर या दोन्ही गोष्टी एकाच माहेरवाशिणीच्या प्रवासातून आल्या! चढ-उताराची ही जोडी लक्षात ठेवा, शेवटी तिच्याकडे परत यायचे आहे.

गिअर का लागतो हे सायकलवाल्याला वेगळे सांगायला नको. इंजिन ठरावीक फेऱ्यांच्या खाली फिरू शकत नाही, बंद पडते. चाके मात्र शून्यापासून शंभरच्या वेगापर्यंत फिरायला हवीत. म्हणून मधे लहान-मोठ्या दात्यांच्या चाकांच्या जोड्या आल्या. १८९१ च्या सुमारास पॅरिसच्या पानार-लव्हासोर कंपनीचे एमिल लव्हासोर यांनी दांड्याने सरकवून एकमेकांत अडकवायची दातेरी चाके गाडीत बसवली. हा प्रकार रांगडा आहे पण चालतो, अशा अर्थाचे काहीतरी ते म्हणाल्याचे सांगतात. रांगडा म्हणण्याचे कारण उघड होते. फिरत्या चाकात दुसरे फिरते चाक घुसवायचे, दोघांचे वेग जुळले नाहीत तर दात्यांवर दाते आपटणार.

आधी वेग जुळवा

एक उदाहरण घेऊ. समजा गाडी ताशी ४० किलोमीटर वेगाने तिसऱ्या गिअरमध्ये चालली आहे आणि इंजिन मिनिटाला २००० फेऱ्या मारते आहे. दुसरा गिअर दीडपट 'जड' आहे असे धरू. म्हणजे त्याच ४० च्या वेगाला दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनाच्या ३००० फेऱ्या हव्यात. रस्ता तोच, चाकांचा वेग तोच, पण इंजिनाची बाजू १००० फेऱ्यांनी मागे आहे. हे अंतर कोणीतरी भरून काढायला हवे.

जुन्या गाड्यांत ते ड्रायव्हरने भरून काढायचे. क्लच दाबून गिअर काढायचा, न्यूट्रलमध्ये क्लच सोडायचा, अंदाजाने रेस द्यायची, पुन्हा क्लच दाबायचा आणि मग दुसरा गिअर टाकायचा. यालाच आपल्याकडे 'डबल क्लच मारणे' म्हणत. वरचा गिअर टाकताना उलट. तिथे इंजिन जास्त फिरत असते, म्हणून न्यूट्रलमध्ये क्षणभर थांबून त्याला मंद होऊ द्यायचे. जो घाई करील त्याला गिअरबॉक्समधून 'खर्रर्र' असे उत्तर मिळायचे आणि मागे बसलेले सगळे प्रवासी ड्रायव्हरकडे बघायचे.

एस.टी.चे दिवस

महाराष्ट्रात ही विद्या ज्यांनी खऱ्या अर्थाने पचवली ते म्हणजे आपले एस.टी.चे ड्रायव्हर. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) अशी पहिली एस.टी. धावली. त्या सुरुवातीच्या काळात सरकारकडे शेवर्लेट, फोर्ड, बेडफर्ड, सेडन, स्टुडबेकर, मॉरिस कमर्शियल, अल्बियन, लेलँड, कॉमर आणि फियाट अशा १० वेगवेगळ्या बनावटीच्या गाड्या होत्या. म्हणजे आज हाताला लागलेली सवय उद्या दुसऱ्या गाडीवर उपयोगी पडेलच असे नाही.

माझे मामा एस.टी.त ड्रायव्हर होते. त्यांची उमेदीची वर्षे कोकणच्या गाडीवर गेली, कुंभार्ली आणि आंबा घाटात. ते म्हणायचे, "गिअर हाताने टाकायचा नसतो रे, कानाने टाकायचा असतो." लहानपणी हे वाक्य मला उगीच मोठेपणाचे वाटायचे. वर दिलेले आकडे कागदावर मांडल्यावर कळले की ते अगदी शब्दशः खरे होते. टॅकोमीटर नसलेल्या गाडीत २००० आणि ३००० फेऱ्यांमधला फरक फक्त कानालाच कळतो.

घाटात हे कौशल्य म्हणजे हौस नव्हती. चढावर भरलेली गाडी न्यूट्रलमध्ये आली की दोन-तीन सेकंदांत तिचा वेग मरतो. तेवढ्यात खालचा गिअर पडला नाही तर गाडी मागे सरकू लागते. ट्रकचा क्लीनर चाकामागे दगड लावायला उडी टाकायचा, तो याच वेळी. आणि उतारावर गिअर निसटला तर मग इंजिनाचा आधारच सुटला, सगळा भार ब्रेकवर.

म्हणून घाटाचा एक जुना नियम होता. मामांकडून मी तो शंभर वेळा ऐकला असेन. ज्या गिअरवर घाट चढतो, त्याच गिअरवर उतरायचा. आणि गिअर टाकायचा तो घाटाच्या तोंडाशी, उतार लागायच्या आधी. एकदा गाडी पळायला लागली की खालचा गिअर घेता येत नाही.

मुंबई-पुण्याच्या बोरघाटातला गाडीरस्ता गव्हर्नर जॉन माल्कम यांनी १० नोव्हेंबर १८३० रोजी खुला केला. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत जवळजवळ अर्धा किलोमीटर उंची चढायची. या घाटाची वाट साहेबाला दाखवणाऱ्या शिंगरोबा धनगराची कथा आणि त्याचे देऊळ आपल्या सगळ्यांना माहीत आहे. तिथे नाणे टाकून पुढे जाणाऱ्या ड्रायव्हरांना कोणी अंधश्रद्ध म्हणो. मला वाटते, ते क्षणभराचे थांबणे घाटाआधी गिअरचा विचार करायला बरेच होते.

पितळी कडे आणि ओजिमाचे दार

हे कानाचे काम यंत्राकडे सोपवणारा माणूस अमेरिकेतला. अर्ल थॉम्प्सन या इंजिनिअरने शोधलेली 'सिंक्रोमेश' रचना कॅडिलॅक कंपनीने १९२८ मध्ये आणली. तिच्यात दाते एकमेकांत अडकण्याआधी शंकूच्या आकाराचे पृष्ठभाग एकमेकांवर घासतात. त्या घर्षणाने दोन्ही बाजूंचे वेग सारखे होतात आणि मगच दाते बसतात. पुढे यात पितळी कड्याची अशी सुधारणा झाली की वेग जुळेपर्यंत ते कडे आडवे उभे राहते आणि दांडा पुढे सरकूच देत नाही.

हे मुलांना समजवायला माझ्याकडे एक सोपे ठिकाण आहे. हिगाशी-ओजिमा स्टेशनजवळ २००५ मध्ये बांधलेले 'अराकावा लॉक गेट' तुम्ही फिरायला जाताना पाहिले असेल. एका बाजूला भरती-ओहोटीची अराकावा नदी, दुसऱ्या बाजूला मुद्दाम खालच्या पातळीवर ठेवलेली जुनी नाकागावा. दोन पाण्यांत ३ मीटरपर्यंत फरक पडतो. होडी मधल्या हौदात येते, मागचे दार बंद होते, हौदातले पाणी पुढच्या पाण्याच्या पातळीला आणले जाते आणि मगच पुढचे दार उघडते. पातळी जुळल्याशिवाय दार नाही. सिंक्रोमेश म्हणजे हेच, फक्त पाण्याच्या जागी फेऱ्या आणि वीस मिनिटांच्या जागी अर्धा सेकंद. आणि दांडा जोरात ढकलणे म्हणजे पातळी जुळण्याआधी दाराला धडका मारणे. म्हणून आजही मॅन्युअल गाडीत गिअर टाकताना दांडा दोन बोटांनी, हलका दाब देऊन धरायचा. तो आपोआप आत जातो.

आपल्याकडे ही सोय हप्त्याहप्त्याने आली. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्यात फियाट बनवली. १९७० च्या दशकात तिचेच नाव 'पद्मिनी' झाले. तिचा गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर होता आणि पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नव्हती. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय, नाहीतर डबल क्लच मारल्याशिवाय, पहिला सुखाने पडायचा नाही. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी दिवसाला शेकडो वेळा तो दांडा वर-खाली केला. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली तेव्हा त्या हातांची ती सवयही संपली. सुझुकीच्या मदतीने डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० ने मात्र मध्यमवर्गाला सहज पडणारे गिअर दिले. माझ्या पिढीतले बरेच जण तिच्यावरच शिकले. डबल क्लच हा शब्द आम्ही ऐकला तो फक्त मामांच्या तोंडून.

नो-कुरा

गंमत म्हणजे, गिअर टाकणे सोपे करणाऱ्या थॉम्प्सन यांनीच पुढे गिअर टाकणे बंद करून दाखवले. त्यांच्या पथकाने केलेली 'हायड्रामॅटिक' ही ऑटोमॅटिक यंत्रणा ओल्ड्समोबाइल गाडीत १९४० च्या मॉडेलपासून आली. क्लचच्या जागी तेल आले. तेलाने भरलेल्या डब्यात समोरासमोर दोन पंखे, एक इंजिनाने फिरतो, तो तेल ढकलतो आणि तेल दुसऱ्याला फिरवते. थेट जोडणीच नाही, मग धक्का बसणार कुठून? मी एम.एस. साठी अमेरिकेत गेलो तोवर ही गोष्ट तिथे इतकी मुरली होती की माझी जुनी मॅन्युअल गाडी चालवायला कोणी मित्र उसनी मागत नसे!

जपानमध्ये हा प्रवास १९५७ साली सुरू झाला, आणि तोही कोणत्या कंपनीकडून? ओकामुरा! हो, आपल्यापैकी कित्येक जण ऑफिसात ज्यांच्या खुर्चीवर दिवसभर बसतात तेच. त्यांच्या 'मिकासा' गाडीत जपानमधली पहिली टॉर्क कन्व्हर्टरची ऑटोमॅटिक यंत्रणा होती. त्या काळी इथे अशा गाड्यांना 'नो-कुरा' म्हणत, म्हणजे क्लच नसलेली. आपण ज्याला हाफ क्लच म्हणतो, त्याला जपानी ड्रायव्हर 'हान-कुरा' म्हणतो आणि गाडी बंद पडली की ती 'एन्सुतो' होते. इंग्रजी शब्द कापून आपलासा करण्याची कला दोन्हीकडे सारखीच.

दुचाकीची गोष्ट तर आपल्या आणखी जवळची. होंडाने १९५८ मध्ये 'सुपर कब' काढली ती क्लचच्या लिव्हरशिवाय, कारण सोबाची थाळी एका हातात धरून जाणाऱ्या पोऱ्यालाही ती चालवता यायला हवी होती. त्याच होंडाशी हातमिळवणी करून पुण्याच्या कायनेटिकने १९८४ मध्ये गिअर नसलेली 'कायनेटिक होंडा' आणली. बजाजच्या स्कूटरचा गिअर डाव्या हाताने पिरगळण्यात पारंगत असलेल्या पुरुषांनी तिला नावे ठेवली. पण घरात स्कूटर असूनही जिला ती कधी मिळाली नव्हती अशा कितीतरी आई, मावशी, आत्या त्या गाडीवर बसून बँकेत आणि कॉलेजात जाऊ लागल्या. गिअर जाण्याने काय मिळाले, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. त्यामुळे 'जुने ते सोने' असे म्हणत गळा काढायला मी तयार नाही.

जपानने नोव्हेंबर १९९१ मध्ये 'फक्त ऑटोमॅटिक' असा वेगळा परवाना सुरू केला. आज नवे चालक बहुसंख्येने तोच घेतात. एप्रिल २०२५ पासून तर इथल्या ड्रायव्हिंग स्कूलांत मूळ शिक्षणच ऑटोमॅटिकवर होते, मॅन्युअल हवी असेल तर वर जादा तास. आपल्या घराजवळच्या, शिनसुना इथल्या कोतो परवाना केंद्रात भारतीय परवाना बदलून घ्यायला आपण जातो, तिथेही ऑटोमॅटिक की मॅन्युअल हे आधी सांगावे लागते. (ऑक्टोबर २०२५ पासून तिथल्या लेखी परीक्षेत १० ऐवजी ५० प्रश्न असतात. नव्याने आलेल्या मंडळींनी अभ्यास करून जावे!) मी मॅन्युअल निवडली होती. त्यानंतर या देशात मॅन्युअल चालवण्याचा योग फारच थोड्या वेळा आला, हेही सांगायला हवे.

उतार अजून आपलाच

मग हा सगळा इतिहास ऐकून करायचे काय? वेग जुळवण्याचे काम आधी पितळी कड्याने घेतले, मग तेलाने, आता कॉम्प्युटरने. भारतात २०१४ च्या सेलेरिओपासून तर क्लच आणि गिअर तेच ठेवून फक्त ते हलवणारे हात-पाय यंत्राचे आले. पण मामांच्या नियमात दोन गोष्टी होत्या. एक, गिअर धक्का न देता टाकणे. दुसरी, पुढचा उतार पाहून योग्य गिअर आधीच निवडणे. पहिली यंत्राने पुरती घेतली. दुसऱ्या गोष्टीत अलीकडच्या गाड्या थोडीफार मदत करतात, पण पुढे दहा किलोमीटर उतारच उतार आहे हे गाडीला दिसत नाही, ते आपल्याला माहीत असते.

१३ ऑक्टोबर २०२२ रोजी फुजीच्या पाचव्या टप्प्यावरून शिझुओकाकडे उतरणाऱ्या 'फुजी अझामी लाइन' रस्त्यावर एक सहलीची बस उलटली. एका प्रवासी महिलेचा मृत्यू झाला, अनेक जण जखमी झाले. मोठ्या उतारावर पायाचा ब्रेक वारंवार दाबल्यामुळे तो तापून निकामी झाला, असे तपासात आणि खटल्यात पुढे आले. ब्रेक तुटला नव्हता, तापला होता. जपानीत याला 'फेड' म्हणतात आणि ही गोष्ट आपल्या भाड्याच्या गाडीलाही लागू आहे.

हिशेब करून पाहा. माणसे आणि सामान धरून दीड टनाची गाडी १००० मीटर खाली उतरते, तेव्हा जी ऊर्जा मोकळी होते ती साधारण ४५ लिटर थंड पाण्याला उकळी आणण्याइतकी असते. ती कुठेतरी जायलाच हवी. सगळी ब्रेकवर टाकली तर चार चकत्यांना ती पचवावी लागते. खालचा गिअर असेल तर चाके इंजिनाला जबरदस्तीने फिरवतात आणि बराच भार इंजिन स्वतःवर घेते. घाटात गाडी 'गिअरवर उतरवणे' म्हणतात ते हेच.

ऑटोमॅटिक गाडीतही ही सोय आहे, फक्त आपण तिला हात लावत नाही. दांड्यापाशी 'डी' च्या खाली पाहा. कुठे 'एल', कुठे 'एस', कुठे '२' लिहिलेले असते, हायब्रिड गाडीत 'बी' असते. हायब्रिडमध्ये लांब उतारावर बॅटरी पूर्ण भरली की ती आणखी ऊर्जा घेऊ शकत नाही, तेव्हाही हे 'बी' कामाला येते. निक्कोच्या इरोहाझाकाला ४८ वळणे आहेत. जपानी मुळाक्षरांच्या जुन्या क्रमावरून त्यांना नावे दिली आहेत आणि चढायचा रस्ता वेगळा, उतरायचा वेगळा. पुढच्या मोमिजीला तिथून खाली निघाल तेव्हा पहिल्या वळणाच्या आधीच दांडा खाली घ्या. इंजिनाचा आवाज वाढेल. मागे बसलेली मंडळी "अहो, गाडीला काय झाले?" असे विचारतील. घाबरून परत 'डी' वर जाऊ नका. तो आवाज इंजिन तुमचा भार उचलत असल्याचा आहे. पायाचा ब्रेक लागेल तेवढाच, वळणापुरता दाबा आणि सोडा.

आणि मुलांना तो आवाज ऐकायला सांगा. क्लच त्यांच्या वाट्याला येणार नाही, पुढे कदाचित गिअरही येणार नाहीत. पण घाट जपानमध्येही आहेत आणि सह्याद्रीतही राहणार आहेत. उतार लागण्याआधी विचार करायचा, एवढे त्यांना कळले तरी माझे मामा म्हणतील, "जमलं पोरांना!"